फाटकावरची निरगाठ

शनिवार, ६ ऑक्टोबर

नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहिते." म्हटलं, सांगेन, पण मी सांगेन तेच उतरवायचं, मध्ये तुझी अक्कल घालायची नाही. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, आणि घरी सख्ख्या आजीला एक अक्षर येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मागे एकदा तिने मला शिकवायला घेतलं होतं. दोन दिवसांत तिचीच जीभ कोरडी पडली.

वही कशाला, तर मी बहात्तराव्या वर्षी नव्या कामाला लागले म्हणून. काम व्याह्यांकडचं. व्याही म्हणजे सुनेचे वडील. जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि जंगलातल्या भूछत्रांचे फोटो काढायला लागले. ज्या वयात माणसं आपल्या गुडघ्यांचे फोटो काढून घेतात, त्या वयात हे गुडघ्यांवर बसून कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटो काढतात. डिसेंबरात वाचनालयाच्या दालनात त्यांचं प्रदर्शन आहे. वीस फोटो लावायचेत, बारा झालेत.

माझं काम उजेड पाडण्याचं. चंदेरी कागद चिकटवलेला एक मोठा पुठ्ठा असतो, तो उन्हात धरायचा आणि उन्हाची तिरीप बरोबर छत्रीच्या पोटाखाली टाकायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, ही काय उजेड पाडणार आहे. त्यांनी बघायला हवं होतं. आज पहिला दिवस होता. "विहीणबाई, जरा डावीकडे. विहीणबाई, श्वास हळू घ्या." मी म्हटलं, बंदच करते, म्हणजे तुमचा फोटो नीट येईल.

सुनेने निघताना माझ्या शालीची टोकं नीट केली. म्हणाली, "आई, बाबांना एकटं सोडवत नाही मला. तुम्ही बरोबर असलात की घोर नाही." पंचवीस वर्षांत इतकं गोड बोलली नव्हती.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

काल वही झाली नाही. काल सगळे हॉस्पिटलात होतो. आता जे सांगते ते वहीतच राहायचं, तुझ्या आईच्या कानावर जायचं नाही. हेही लिही.

पहाटे पाऊस पडून गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, ढगाचा कापूससुद्धा नाही. व्याही गाडीच्या डिकीतून सामान काढत होते, मी पुठ्ठा घेऊन पुढे झाले. जंगलाच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे. त्याला हिरव्या सुतळीने एक कागद टांगला होता, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. चांगलं प्लास्टिक होतं. म्हटलं, दगडावर बसायला होईल. ओल्यात बसले की माझी कंबर आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. गाठ पक्की होती, अंबाड्याचा आकडा वाकला सोडवताना. काखेत मारलं आणि आत गेले. मागून व्याही आले.

पडलेल्या ओंडक्याच्या बुडाशी सहा भूछत्रं होती, नखाएवढी, पिवळी. व्याही पालथे झोपले, डोळा कॅमेऱ्याला. मी प्लास्टिक दगडावर टाकून बसले आणि पुठ्ठा धरला. बराच वेळ क्लिक क्लिक चाललं होतं. मग ओल्या गालिच्यासारखा वास आला. मान वर केली तर झुडपापाशी जळकं खोड होतं. मला वाटलं, मघाशी नव्हतं हे. तेवढ्यात खोडाने मान वळवली.

अस्वल होतं. सात-आठ पावलांवर असेल. नाकाला ओली माती लागलेली, आणि मागे एक पिल्लू, आईच्या पायात घुटमळणारं. तोंडाने फूं फूं करत होतं ते मोठं. डोळे इतके बारीक, की एवढ्या देहाला हे कसे पुरतात असा विचार मनात आला. असल्या वेळी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

मला ओरडायला हवं होतं. निदान हळूच "व्याहीबुवा" म्हणायला हवं होतं. ते पालथे पडून म्हणाले, "हलू नका हं विहीणबाई, उजेड हलतो." आणि मी उठले. तोंडातून चकार शब्द नाही. मागच्या मागे, टाचा उचलून, एक एक पाऊल टाकत निघाले. मागे उंच खडक होता, त्यावर चढले. घरचा जिना चढताना कुरकुरणारे गुडघे, काल हूं की चूं केलं नाही त्यांनी. वर पोचले तेव्हा खालून आवाज आला, "विहीणबाई, उजेड कुठं गेला?"

मी आणखी वर सरकले.

अस्वल त्यांच्याजवळ गेलं आणि त्यांचा बूट हुंगायला लागलं. ते म्हणाले, "पाय कशाला ओढताय?" मग वळून बघितलं. ओरडले नाहीत ते. नुसते गडगडत बाजूच्या घळीत गेले आणि हाड मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. अस्वलाने घळीत तोंड घातलं. माझ्या हातात पुठ्ठा तसाच होता. हात लटलट कापत होते, त्यामुळे त्याची तिरीप अस्वलाच्या तोंडावर नाचत होती. त्याने मान झटकली, मागे सरलं, बसलं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. जंगलखात्याची एक पहारेकरीण आहे, पन्नाशीची, गळ्यात शिट्टी, म्हणून आम्ही तिला शिट्टीवाली म्हणतो. ती दोन्ही हात वर करून झाडांमधून येत होती. मला बघून म्हणाली, "छान, आजी, तो पुठ्ठा असाच हलवत राहा." मी हलवत नव्हते. मी हलत होते.

मग ती अस्वलाशी बोलली, अगदी हळू, शेजारणीशी बोलावं तसं. "जा गं बाई, जा. चुकलं आमचं. लेकराला घेऊन जा." आणि ते गेलं. तिने घळीत उतरून व्याह्यांचा पाय फांदीला बांधला आणि त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. दोनदा बसली, दोनदा उठली. वाटेत सारखी म्हणत होती, "वाचलं नाही का तुम्ही?" व्याही कण्हत म्हणाले, "काय वाचायचं?" मी मनात म्हटलं, बाई, कुणाला विचारतेस.

मांडीचं हाड मोडलंय त्यांचं. सळई घातली.

रविवार, १४ ऑक्टोबर

माझं नाव पेपरात आलं. मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं. आजीने चंदेरी पुठ्ठ्याने अस्वलाचे डोळे दिपवले आणि व्याह्यांचा जीव वाचवला. फोटोसुद्धा आहे. त्यात मी खिडकीत उभी आहे आणि माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं आहे. नात म्हणते, विनयशील दिसतेस.

हे सगळं व्याह्यांनी सांगितलं पेपरवाल्याला. घळीत पडल्या पडल्या त्यांना एवढंच दिसलं की मी खडकावर उभी आणि हातातून उजेडाचे लोळ निघताहेत.

पाववाला पावाचे पैसे घेत नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीण येऊन माझे हात बघून गेली, जणू त्यांना काही वेगळं लागलंय. सून काल माझे पाय चेपायला बसली. पंचवीस वर्षं आमचं खिडकीवरून वाजतंय. मला उघडी लागते, तिला बंद. परवापासून ती आपण होऊन उघडते आणि स्वतः स्वेटर घालून बसते. मी म्हटलं, लाव गं. तर म्हणाली, "नाही आई, तुम्हाला मोकळी हवा हवी." मोकळ्या हवेत मला घाम येतो आहे.

ज्याला उचलून सन्मानाने बसवावं त्याने खाली उतरायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

ते प्लास्टिक घरी आणलं होतं मी, टाकवेना. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कुंडीखाली घातलंय. ओघळ लाकडावर येत नाही आता.

बुधवार, १७ ऑक्टोबर

व्याह्यांना भेटून आले. पाय वर टांगलाय, पोटावर कॅमेरा. मला म्हणाले, "या विहीणबाई, बसा. गंमत दाखवतो."

मागच्या बाजूच्या काचेत त्यांनी एकेक फोटो दाखवला. "हा बघा. छत्रीच्या कडेला कसा सोन्यासारखा उजेड आलाय. हाही. हाही. आणि हा पुढचा." पुढचा काळा होता. "त्याच्या पुढचाही काळा. असे नऊ आहेत. मी दाबत होतो नुसता, म्हटलं येईल उजेड." मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "यात वेळही लिहिलेली असते. उजेड गेल्यावर मी दीड मिनिट तिथेच पडून होतो. मग अस्वल माझ्या बुटाशी आलं."

मी शालीचा धागा काढत बसले.

ते माझ्याकडे बघत होते. मग कॅमेरा बंद केला. म्हणाले, "ढग आला असेल."

म्हटलं, "हो, ढगच आला होता एक."

सुटले एकदाची. फोटो बिघडल्याचं वाईट वाटलं असेल त्यांना, पण ढगावर गेलं ते. भला माणूस, पण फार चौकस नाही.

निघताना त्यांनी एक बातमी सांगितली. शिट्टीवालीला शुक्रवारपासून घरी बसवलंय. दोन दिवस आधीच तिला त्या बाजूला अस्वलाच्या खुणा दिसल्या होत्या, तरी वाट बंद केल्याची सूचना लावली नाही म्हणून. ती म्हणते, लावली होती. खात्याची माणसं गेली तेव्हा फाटक रिकामं होतं. साहेब हॉस्पिटलात येऊन व्याह्यांना विचारून गेले. "मी खरं तेच सांगितलं, फाटकावर पाटी नव्हती. तुम्ही तर माझ्या पुढे होता. होती का पाटी?"

"पाटीबिटी काही नव्हती," मी म्हटलं.

"मग तुमचंही तसंच कळवतो."

वाईट वाटलं तिचं. पाठीवर घेऊन आली बिचारी, आणि तिच्याच पाठीवर हे. नोकरीत उशिरा लागली म्हणतात, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. काढून टाकलं तर तीही जाईल. पण सूचना लावायला काय झालं होतं?

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आज विशेष काही नाही.

मुलाने सकाळी पेपर वाचला. शिट्टीवालीचं म्हणणं छापून आलंय. मी म्हटलं, परत वाच. त्याने परत वाचलं. तिने आठ तारखेला कागदावर सूचना लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हिरव्या सुतळीने फाटकाला बांधली होती. मुलगा म्हणाला, "का गं?" म्हटलं, काही नाही, तुझा आवाज लहान होता.

कुंडीखालचं ते काढून ठेवलं. ओल धरत होती.

कंबर दुखते आहे.

नातीने विचारलं, आणखी काही लिहायचं आहे का. नाही म्हटलं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

ही मुलगी हल्ली वही मिटायच्या आधी रोज विचारते, "आजी, आणखी काही?" मी काय दुकान घातलंय? सांगण्यासारखं असेल तर सांगेन ना. लिही हे, माझ्यासमोर लिही.

खात्याचं पत्र आलं. तीस तारखेला चौकशी आहे, व्याही आणि मी साक्षीला. मुलाने वाचून दाखवलं, त्यात मला "धाडसी" म्हटलंय. तो म्हणाला, आई, बक्षीसबिक्षीस देतील बघ. जेवण गेलं नाही. सुनेने दूध आणून दिलं, पेला ओठाशी धरून बसली. इतका मऊ हात आहे तिचा, हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि आता कळून घेण्यात अर्थ नाही.

"आणखी काही?" म्हणते. दिवा मालव म्हटलं, डोळे फुटतील तुझे.

शनिवार, २७ ऑक्टोबर

औषधाच्या दुकानापाशी शिट्टीवाली दिसली. गणवेश नव्हता, साधा कोट होता, म्हणून आधी ओळखलं नाही. गळा मोकळा. ओळखल्यावर मी रस्ता ओलांडला. तिनेही ओलांडला.

म्हणाली, "आजी, पाय कसा आहे त्यांचा?"

"सळई घातलीय. बरे आहेत."

"मांडीचं हाड ना, वेळ लागतो. पाठीखाली उशी द्या म्हणावं, नाहीतर कातडी सोलते." मग म्हणाली, "तुम्ही पुढे होता ना त्या दिवशी? फाटकावर कागद खरंच नव्हता?"

मी म्हटलं, "मला मेलीला कुठं वाचता येतंय, बाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "हो का," म्हणाली. "मग राहू द्या." आणि छत्री उघडून गेली.

मी खोटं बोललेले नाही. मला वाचता येत नाही हे अगदी खरं आहे. कुणालाही विचारा.

घरी आले ती भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

सोमवार, २९ ऑक्टोबर

आज सांगितलं.

संध्याकाळी नात वही घेऊन बसली, लेखणीचं टोपण काढलं, आणि मी गादीखालून ते प्लास्टिक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "वाच." तिने वाचलं नाही. म्हणाली, "वाट बंद आहे. मादी अस्वल आणि पिल्लू. आत जाऊ नये. खाली सही आणि तारीख."

"बघायच्या आधीच कसं वाचलंस?"

"कुंडीला पाणी कोण घालतं, आजी?"

मंगळवारी बापाने पेपर वाचला तेव्हाच तिने कुंडी उचलून बघितली होती. मी काढून घ्यायच्या आधी. आठवडाभर लिहीत होती माझं कंबरदुखीचं पुराण, गुपचूप. मला असा संताप आला. म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालीस ना, मध्ये अक्कल घालायची नाही. तू सांगशील म्हणून रोज विचारत होते." मग तिचा आवाज बारीक झाला. "माझंही चुकलंच. एवढं थांबायला नको होतं."

माझ्या लाजेत तिला बुडवली मी. हे वेगळंच पाप.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. कागदाचंही, पळून गेल्याचंही. मुलाने लगेच कामाचं बोलायला सुरुवात केली. त्याचा स्वभावच आहे तो, घर जळत असलं तरी हा आधी बादल्या मोजेल. म्हणाला, "सोपं आहे. तुला वाचता येत नाही एवढंच सांग. कागद कसला ते कळलं नाही, बसायला घेतला. कोण काय म्हणणार तुला? उलट हळहळतील."

सुनेने उठून ताट उचललं, धुतलं, आणि येऊन खिडकी लावली. बरं वाटलं मला. मनापासून सांगते.

मुलाचं म्हणणं खोटं नाही. पण आता पलंगावर बसून मी दुसराच विचार करते आहे. बत्तीस वर्षं पार्सल कचेरीत बांधाबांध केली मी. पत्ता दुसरं कुणी लिहायचं, दुसरं कुणी वाचायचं, दोरी माझी. सुरगाठ म्हणजे पलीकडच्या माणसाला सांगणं, ओढ, सुटेल. निरगाठ म्हणजे, हात लावू नकोस. दुकानातून घरी जाणाऱ्या पार्सलाला सुरगाठ. काचेच्या सामानाला, औषधांना, लांबच्या मालाला निरगाठ. फाटकाला त्या बाईने तीन वेढे देऊन निरगाठ मारली होती, वर टोक आत खुपसलं होतं. असं कुणी उगीच बांधत नाही. आकडा वाकेपर्यंत मी ती सोडवत होते, आणि माझ्या बोटांना ठाऊक होतं की हे कुणीतरी राहावं म्हणून बांधलंय. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा, कंबर दुखेल.

अक्षर कळलं नाही, हे खरं. बाकी सगळं कळलं होतं.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, एक साहेब, एक कारकून, भिंतीवर जंगलाचा नकाशा. व्याही चाकाच्या खुर्चीत, पाय पुढे लाकडासारखा. शिट्टीवाली भिंतीपाशी उभी, गणवेशात, पण शिट्टी नव्हती. नात माझ्या शेजारी.

साहेबांनी उठून मला खुर्ची दिली. "या, आजी. तुमच्याबद्दल फार ऐकलं."

मी बसले नाही. प्लास्टिक टेबलावर ठेवलं. म्हटलं, हा तो कागद. बाईंनी बांधला होता. मी सोडवून नेला, बसायला.

साहेबांनी कागद उलटसुलट बघितला. शिट्टीवाली दोन पावलं पुढे आली, कागद बघितला, आणि परत भिंतीला टेकली. मी तिच्याकडे बघू शकले नाही. कारकुनाच्या लेखणीकडे बघत राहिले.

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाला वाचता येतं का?"

"नाही."

"बरं, बरं." माझ्या अंगावर मायेने शाल घालावी तसं बोलत होते. मग कारकुनाकडे वळले. "लिहा. साक्षीदार निरक्षर. सूचना नुसती अक्षरांत होती, अस्वलाचं चित्र नव्हतं. वाचता न येणारी माणसं त्या वाटेने येऊ शकतात याचा विचार पहारेकरणीने केला नाही. सबब हलगर्जीपणा."

कारकून लिहायला लागला. मला एक क्षणभर उमगलंच नाही. मग उमगलं. मी कागद आणून दिला, तरी सुरीखाली मान तिचीच. मी अडाणी, म्हणून चूक तिची.

म्हटलं, "थांबा. ते लिहू नका."

साहेब म्हणाले, "आजी, तुम्हाला कुणी दोष देत नाहीये."

"तेच सांगते आहे. द्या. चित्र काढलं असतं तरी मी नेला असता कागद. मला प्लास्टिक हवं होतं, साहेब. अस्वलाचं चित्र असतं तर त्याच्यावर बसले असते." कारकून हसला आणि लगेच खोकला. "मी बत्तीस वर्षं गाठी मारल्यात. ही सोडायची गाठ नाही, एवढं मला आंधळीलाही कळलं असतं. कळत असून सोडवली. वाचता येत नाही हे माझ्या कमरेच्या कामी आलं त्या दिवशी. तिच्या नोकरीच्या मुळावर येऊ देऊ नका."

कारकुनाची लेखणी थांबली. एवढं उघडं पडल्यावर उरलेलं झाकून काय मिळणार होतं? म्हणून तेही सांगितलं. म्हटलं, आणि तो पुठ्ठा मी दाखवला नव्हता अस्वलाला. मी न सांगता उठून पळाले. ह्यांना तिथेच ठेवून. हात कापत होते म्हणून उजेड नाचत होता. जीव कुणी वाचवला असेल तर ह्या बाईने.

व्याह्यांकडे बघायची हिंमत नव्हती. तेच बोलले. साहेबांना म्हणाले, "मीही पाटी नव्हती असं सांगितलं होतं. ते मागे घेतो. फाटकाकडे मी बघितलंच नव्हतं, खाली मान घालून छत्र्या शोधत होतो." मग माझ्याकडे वळले. "आणि विहीणबाई, पुढच्या वेळी पळायचं असेल तर खुशाल पळा. पुठ्ठा तेवढा ठेवून जा."

सगळे हसले. मलाही हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली, कारण भिंतीपाशी एक माणूस हसत नव्हतं.

साहेबांनी कारकुनाला पान फाडायला सांगितलं. नव्या पानावर मी सांगितलं तसं लिहून घेतलं. नातीने कानात वाचून दाखवलं. बरोबर होतं. मी अंगठा दिला. बाई उद्यापासून कामावर रुजू, असं ठरलं.

बाहेरच्या व्हरांड्यात ती जिन्यापाशी थांबली होती. मी गेले. म्हटलं, "माझ्या हातून फार वाईट झालं, बाई."

तिने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाली, "अठरा दिवस घरी बसले. पहिले काही दिवस मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते, बांधला होता म्हणून. मग रोज बसून आठवायला लागले. सुतळी कुठून घेतली, गाठ कशी मारली. आठवून आठवून ते पुसट झालं. परवा नवऱ्याला म्हटलं, नसेलच बांधला मी. वय झालं असेल माझं."

मी तिच्या बोटांकडे बघितलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

नातीने माझा हात धरला होता, तिने तो दाबला. गप्प राहा म्हणून की बोल म्हणून, ते मी तिला विचारलेलं नाही.

"मंगळवारी," मी म्हटलं. "आजच्या नाही. मागच्या."

तिने मनात मोजलं. मला दिसलं मोजताना.

"म्हणजे शनिवारी, औषधाच्या दुकानापाशी..."

"हो."

तिने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, तेवढं तरी झालं असतं. टोपी घातली आणि जिना उतरून गेली.

अकरा दिवस तिचे माझ्या बेअक्कलपणाने गेले. त्यांची मला लाज वाटते, पण ती सोसेल. उरलेले सात मी डोळे उघडे ठेवून घेतले. ते कसे परत करतात ते मला ठाऊक नाही, आणि नातीलाही ठाऊक नाही, तिला तर वाचता येतं.